नाव कुणाचं, नक्षी कुणाची? जपानी हस्तकला आणि बौद्धिक संपदा : वाचकांचे प्रश्न

जपानच्या पारंपरिक हस्तकलांची उलाढाल १९८३ च्या सुमारास ५४,००० कोटी येनच्या आसपास होती. २०१६ पर्यंत ती १०,००० कोटींच्या आत आली. या घसरणीत ट्रेडमार्क, डिझाइन नोंदणी, पेटंट यांचा कारागिरांना कितपत उपयोग झाला, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

पैठणीला जीआय मानांकन आहे. मग अरिताच्या चिनी मातीच्या भांड्यांना जपानमध्ये ते का नाही?
— जपानी भाषेची विद्यार्थिनी, पुणे

कारण जपानचा जीआय (भौगोलिक मानांकन) कायदा शेतीखात्याच्या घरातला आहे. भारताच्या १९९९ च्या कायद्यात शेतमाल, हस्तकला, कारखान्यातला माल असं सगळं एकाच छपराखाली येतं. जपानमध्ये जून २०१५ पासून लागू झालेला कायदा शेती, जंगल आणि मासेमारी यांतून येणाऱ्या मालापुरता आहे. ताटली त्यात बसत नाही.

पण कच्चा माल बसतो, आणि ही गंमत नीट बघण्यासारखी आहे. इवाते प्रांतातल्या निनोहे भागात निघणाऱ्या जोबोजी उरुशीला २०१८ मध्ये जीआय मिळालं. उरुशी म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक आहे. पंधराएक वर्षं वाढवलेल्या झाडाच्या सालीवर उन्हाळाभर आडव्या खाचा पाडत गेलं, की एका झाडातून जेमतेम २०० मिलिलिटर चीक हाती येतो. त्या चिकाला जीआय आहे, त्याने रंगवलेल्या वाडग्याला नाही. कुमामोतोच्या इगुसा गवताचंही असंच आहे. फक्त तिथे त्या गवतापासून विणलेली तातामीची चटईही यादीत आली.

वाडगा, कापड, किटली यांच्यासाठी जपानने वेगळी वाट काढली. १ एप्रिल २००६ पासून ट्रेडमार्क कायद्यात ‘प्रादेशिक सामूहिक ट्रेडमार्क’ आला. त्याआधी ‘गावाचं नाव अधिक वस्तूचं नाव’ असा साधा शब्द नोंदवायचा, तर तो देशभर प्रसिद्ध असल्याचं सिद्ध करावं लागे किंवा सोबत चित्र जोडावं लागे. आता आसपासच्या प्रांतांतल्या ग्राहकांना नाव माहीत असलं तरी चालतं. अशा नोंदण्या आज ७०० च्या वर आहेत. मात्र त्यांत भाज्या, मासे, गरम पाण्याचे झरेही आहेत, हस्तकला हा त्यातला एक भाग.

आणखी एक गल्लत नेहमी होते. १९७४ च्या कायद्याखाली अर्थ-व्यापार मंत्री एखाद्या वस्तूला ‘पारंपरिक हस्तकला’ म्हणून जाहीर करतात. युनेस्कोच्या यादीत वॉशी कागद आहे, युकीचं रेशीम आहे. यातलं काहीही मालकी हक्क देत नाही. युनेस्कोच्या यादीत नाव असलं म्हणून नकली माल विकणाऱ्यावर दावा लावता येत नाही.

असा सामूहिक ट्रेडमार्क जपानमध्ये नेमकं कोण मागू शकतं? खर्च किती येतो, आणि अर्ज कुठे अडतो?
— चर्मकारांच्या एका संस्थेचे सचिव, कोल्हापूर

एकट्या कारागिराला किंवा कंपनीला तो मागता येत नाही. उत्पादकांची सहकारी संस्था लागते, आणि पात्र माणसाला विनाकारण सदस्यत्व नाकारता येणार नाही, अशी तरतूद त्या संस्थेच्या मूळ कायद्यातच असावी लागते. २०१४ पासून व्यापारी मंडळं आणि ना-नफा संस्थांनाही अर्जाची मुभा मिळाली.

सरकारी फी फार नाही. अर्जाला ३,४०० येन, शिवाय मालाच्या प्रत्येक वर्गामागे ८,६०० येन. मंजुरीनंतर दहा वर्षांसाठी वर्गामागे ३२,९०० येन. म्हणजे एका वर्गाचा हिशेब ४४,९०० येनवर बसतो. दहा वर्षांनी नूतनीकरणाला वर्गामागे ४३,६०० येन. वकिलाची फी वेगळी, आणि ती यापेक्षा बरीच जास्त असते. सल्ल्यासाठी ४७ही प्रांतांत सरकारी मोफत खिडकी आहे. लहान संस्थांनी आधी तिथेच जावं.

वर्ग निवडताना पहिली चूक होते. हिरोशिमा प्रांतातलं कुमानो हे ब्रशांचं गाव. तिथे सुलेखनाचे ब्रश बनतात आणि मेकअपचेही. २०११ मध्ये महिला फुटबॉल विश्वचषक जिंकलेल्या संघाला राष्ट्रीय सन्मानासोबत मेकअपचे ब्रशच भेट दिले होते. आपल्या डोळ्यांना दोन्ही ब्रशच. ट्रेडमार्कच्या यादीत मात्र सुलेखनाचा ब्रश वर्ग १६ मध्ये आणि मेकअपचा वर्ग २१ मध्ये. फक्त वर्ग १६ घेतला, तर जो माल सगळ्यात जास्त खपतो तोच उघड्यावर राहतो. तुमच्याकडे उद्या चपलांच्या चामड्याच्या पर्स निघाल्या, तर हाच प्रश्न येणार. पादत्राणं वर्ग २५, पिशव्या वर्ग १८.

दुसरी अडचण पुराव्याची. ‘आमचं नाव सगळ्यांना माहीत आहे’ हे वाक्य परीक्षकापुढे चालत नाही. वर्तमानपत्रांची कात्रणं, विक्रीचे आकडे, जाहिरातींची बिलं, प्रदर्शनांची पत्रकं लागतात. त्या कागदांवर नाव जसं नोंदवायचंय अगदी तसंच छापलेलं असावं आणि ते अर्ज करणाऱ्या संस्थेच्या किंवा तिच्या सदस्यांच्या मालाबद्दलच असावं. वीस वर्षं कात्रणं जपली नसतील, तर अर्ज इथेच अडकतो.

सोलापुरी टेरी टॉवेललाही जीआय आहे. पण बाजारात इमाबारीच्या टॉवेलचा जो दरारा आहे तो वेगळाच. त्यांनी केलं काय?
— टॉवेल उत्पादक, सोलापूर

आधी एक खुलासा. इमाबारीचा टॉवेल १९७४ च्या कायद्यातली ‘पारंपरिक हस्तकला’ नाही, तो यंत्रमागाचाच माल आहे. तरी या विषयात त्याचंच उदाहरण सगळ्यांत उपयोगी, कारण नोंदणीनंतर काय करायचं हे तिथे दिसतं.

१९९१ मध्ये इमाबारीचं उत्पादन ५०,००० टनांवर होतं. स्वस्त आयातीपुढे ते घसरत २००९ मध्ये १०,००० टनांच्या खाली आलं. मधल्या काळात, २००६ मध्ये, तिथल्या टॉवेल उत्पादकांच्या संघाने काशिवा सातो या डिझायनरकडून लाल, निळं, पांढरं बोधचिन्ह करून घेतलं आणि २००७ मध्ये ‘इमाबारी टॉवेल’ हे नाव सामूहिक ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. इथवर कुणीही येऊ शकतं.

फरक पडला तो चिन्हाला चाचणी बांधल्यामुळे. टॉवेलचा एक सेंटिमीटर चौरस तुकडा कापायचा आणि पाण्यावर अलगद सोडायचा. पाच सेकंदांच्या आत तो बुडायला लागला पाहिजे. नाही बुडाला, तर त्या मालाला चिन्ह नाही, मग तो इमाबारीच्या मध्यवस्तीत विणलेला का असेना. याशिवाय रंग किती पक्का, धागे किती सुटतात वगैरेच्या चाचण्या असतात. लेबलावर उत्पादकाचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे तक्रार आली की कुणाच्या मागावरचा माल ते लगेच कळतं.

घरी करून बघा. दुकानातून आणलेला मऊ मऊ टॉवेल बऱ्याचदा पाण्यावर तरंगत राहतो. हाताला गुबगुबीत लागावा म्हणून त्याला सॉफ्टनर दिलेलं असतं, त्याचा मेणचट थर सुतावर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. म्हणजे चाचणी पार करायची, तर दुकानातल्या स्पर्शाचा मोह सोडून धुलाई आणि फिनिशिंगची रीतच बदलावी लागते. चिन्हाने माल बदलायला लावला, तो असा.

जीआय किंवा ट्रेडमार्क मिळाल्यावर आपल्याकडे बहुतेकदा प्रमाणपत्राला चौकट होते आणि ते कार्यालयाच्या भिंतीवर जातं. खर्च तिथून पुढे सुरू व्हायला हवा. तपासणीला माणूस, लेबलांचा हिशेब, आणि नापास मालाच्या मालकाला तोंडावर ‘नाही’ म्हणण्याची तयारी. हे शेवटचं सगळ्यात जड, कारण तो मालक संघाच्याच बैठकीत शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो.

माझ्या कुर्त्यांवर मला आसानोहा आणि इचिमात्सु या जपानी नक्ष्या छापायच्या आहेत. परवानगी लागेल का?
— कापडाची डिझायनर, ठाणे

मूळ नक्षीला नाही. आसानोहा म्हणजे भांगेच्या पानांची सहा टोकी जाळी, इचिमात्सु म्हणजे साधा चौकडा, सेइगाइहा म्हणजे लाटांची खवलं. शेकडो वर्षं सगळ्यांच्या वापरात असलेली ही रूपं कुणाच्या नावावर नाहीत, आणि करून घ्यायचा प्रयत्न झाला तेव्हा काय झालं तेही बघा. २०२० मध्ये एका गाजलेल्या मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) प्रकाशकाने आपल्या सहा पात्रांच्या अंगरख्यांच्या नक्ष्या ट्रेडमार्क म्हणून मागितल्या. नायकाचा हिरवा-काळा चौकडा नामंजूर झाला. ही निव्वळ सजावट आहे, यावरून माल कुणाचा ते ओळखू येत नाही, असं पेटंट कार्यालयाचं म्हणणं पडलं. त्याच्या बहिणीच्या आसानोहाचंही तेच झालं. ज्या तीन पात्रांच्या नक्ष्यांची मांडणी खरोखर वेगळी होती, त्या मात्र मंजूर झाल्या.

हा निकाल कारागिरांच्या दृष्टीने मोठा. नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या चौकडा रंगवणाऱ्या रंगाऱ्याला उद्या नोटीस आली असती.

तुम्ही सांभाळायचं ते वेगळ्या ठिकाणी. इंटरनेटवरून उतरवलेली तयार फाइल कुणीतरी नव्याने रेखाटलेली असते, तिच्या वापराच्या अटी वाचा. जुन्या नक्षीत कुणी स्वतःचं भरीव काम मिसळलं असेल, तर ते काम त्याचं. आणि टॅगवर ‘क्योतो’, ‘निशिजिन’ असली जपानी ठिकाणांची नावं नकोत. मूळ ठिकाणाबद्दल दिशाभूल करणं हा जपानच्या अनुचित स्पर्धा कायद्याखाली स्वतंत्र दोष आहे. ‘आसानोहा नक्षी, ठाण्यात छापलेली’ असं लिहायला कुणाचीच हरकत नाही.

तुम्ही स्वतः नवं काही रेखाटलंत, तर भारतातली एक अट लक्षात असू द्या. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगं चित्र नोंदवलं नाही आणि मालावर पन्नासपेक्षा जास्त वेळा छापलं, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. कुर्त्यांच्या एका लॉटमध्येच पन्नास होतात.

ताकाओकाच्या एका ओतशाळेबरोबर आम्ही पितळी दिवा केला. तो टोकियोच्या प्रदर्शनात चार महिन्यांपूर्वी ठेवला. आता डिझाइन नोंदवता येईल का?
— औद्योगिक डिझायनर, मुंबई

जपानमध्ये येईल. स्वतःच उघड केलेलं डिझाइन पहिल्यांदा दाखवल्यापासून एक वर्षाच्या आत नोंदवता येतं. अर्जातच ‘आधी प्रदर्शित झालं आहे’ असं नमूद करायचं आणि ३० दिवसांत त्याचा पुरावा द्यायचा. हे वाक्य अर्जात राहून गेलं, की मागाहून घालता येत नाही. मग तुमचाच दिवा तुमच्या आड येतो. युरोपातही बारा महिन्यांची सवलत आहे. चीनमध्ये ती फार तोकडी आहे. साध्या व्यापारी प्रदर्शनात ठेवलेल्या मालाला ती सहसा लागू होत नाही, म्हणजे तिथला हक्क बहुधा गेलाच.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा. आधी जपानमध्ये अर्ज, मग प्रदर्शन. अर्जाची फी १६,००० येन. मंजुरीनंतर पहिली तीन वर्षं दर वर्षी ८,५०० येन, चौथ्यापासून १६,९०० येन. मुदत अर्जापासून २५ वर्षं. दुसऱ्या देशांत अर्ज करायला पहिल्या अर्जापासून सहा महिने मिळतात. दिव्याचे आणखी आकार काढणार असाल, तर ते ‘संबंधित डिझाइन’ म्हणून मूळ अर्जापासून दहा वर्षांपर्यंत जोडता येतात. आणि माल बाजारात यायला वेळ असेल, तर नोंदणी तीन वर्षांपर्यंत गुप्त ठेवायची सोयही आहे.

नोंदणी नसलीच, तरी हुबेहूब नक्कल करणाऱ्याला अनुचित स्पर्धा कायद्याने अडवता येतं, पण जपानमध्ये पहिल्या विक्रीपासून तीनच वर्षं.

करारात काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही, म्हणून विचारून ठेवतो : साचा कुणाचा? डिझायनर आणि ओतशाळा यांची भांडणं स्वामित्वशुल्काच्या टक्क्यांवरून जितकी होतात, त्याहून जास्त साच्यावरून होतात. साच्याचे पैसे कुणी दिले, करार संपल्यावर तो कुणाकडे राहील, उरलेला माल किती महिने विकता येईल आणि पाकिटावर कुणाचं नाव आधी, या चार गोष्टी काम सुरू व्हायच्या आधी कागदावर आणा.

जपानी गावांची नावं चीनमध्ये भलत्याच लोकांनी नोंदवल्याचं वाचलं. हे कसं होऊ शकतं?
— निर्यातदार, नवी मुंबई

ट्रेडमार्क त्या त्या देशापुरता असतो आणि चीनमध्ये जो आधी अर्ज करेल त्याचं पारडं जड. ‘अरिता-याकी’ हे नाव असंच तिसऱ्याने तिथे नोंदवलं होतं, आणि अरिताच्या खऱ्या कुंभारांना चीनमध्ये आपलंच नाव लावायची पंचाईत झाली. जपानी गावांची नावं कांजीत (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांत) असतात, चिनी माणूस ती सहज वाचतो. त्यामुळे हा धोका जपानला आपल्यापेक्षा जास्त.

उपाय वेळेवर अवलंबून आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत हरकत घेता येते. नोंदणी होऊन गेली असेल, तर पाच वर्षांत ती रद्द करण्याची मागणी करता येते, आणि सलग तीन वर्षं नाव वापरलं नसेल तर त्या कारणावरूनही. म्हणून दर महिन्याला राजपत्र चाळणारा माणूस नेमणं हे खटल्यापेक्षा कितीतरी स्वस्त. स्वतः अर्ज करताना कांजी, चीनमधली सोपी लिपी आणि रोमन अशी तिन्ही रूपं द्या. चीनमध्ये वर्गाच्या आतही उपगट आहेत. चहाच्या किटलीसाठी नोंदवलेलं नाव दुसऱ्या उपगटातल्या वस्तूवर कुणी लावलं, तर हात चोळत बसावं लागतं.

संघाबाहेरच्या विणकराने तेच नाव वापरलं तर संघ त्याला थांबवू शकतो का?
— पैठणी विणकर, येवला

दर वेळी नाही. हाकाताच्या विणकर संघाने ‘हाकाता-ओरी’ (हाकाताचं विणकाम) हे नाव नोंदवलेलं होतं. संघाबाहेरच्या एका व्यावसायिकाने किमोनोचे पट्टे ‘हाकाता ओबी’ म्हणून विकले, म्हणून संघ कोर्टात गेला. २०१४ मध्ये फुकुओकाच्या उच्च न्यायालयातही संघ हरला. माल काय आहे हे नेहमीच्या पद्धतीने लिहिणं ट्रेडमार्कच्या कक्षेत येत नाही, असा निकालाचा रोख होता. शिवाय संघाच्या अर्जाआधीपासून प्रामाणिकपणे ते नाव वापरणाऱ्याला पुढेही वापरता येतं, हे कायद्यातच आहे. परगावच्या नकली मालाविरुद्ध हा हक्क धारदार आहे. गावातल्याच भावकीविरुद्ध उपसला, तर बोथट ठरतो.

व्याख्या आधीच चोख केली, तर भांडण कमी होतं. तोक्योच्या एदो-किरिको काचकामाची व्याख्या बघा : वस्तू काचेची हवी, काम हाताने झालेलं हवं, नक्षी मुख्यतः फिरत्या चाकावर कोरलेली हवी, आणि काम कोतो वॉर्ड व आसपासच्या ठरलेल्या भागात झालेलं हवं. चारच अटी, आणि चारही तपासता येण्याजोग्या. ‘परंपरेला धरून’, ‘उत्तम दर्जाची’ असल्या शब्दांचा कोर्टात उपयोग नसतो.

दावा कोण लावू शकतं हेही आधी पाहून ठेवा. २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते त्या जीआयचे नोंदणीकृत मालक नव्हते.

ओशिमाचं रेशीम घ्यायचं आहे. खरं कसं ओळखू?
— वाचक, निशी-कासाई, तोक्यो

थानाच्या टोकाला चिकटवलेली प्रमाणचिठ्ठी बघा. पृथ्वीचा गोल असेल तर अमामी बेटावरचं, दोन झेंडे असतील तर कागोशिमाचं. दोन्ही खरी, फक्त संघ वेगळे. सोबत लाल गोळ्यासह ‘伝’ हे अक्षर असलेली सरकारी ‘देंतो’ चिठ्ठीही असू शकते. शिवलेल्या जुन्या किमोनोबरोबर कापलेला चिठ्ठीचा तुकडा देतात. तो त्याच थानाचा आहे याची खात्री होत नसेल, तर त्या तुकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मातीच्या झिलईची कृती पेटंट करावी की गुपित ठेवावी?
— सिरॅमिक कलाकार, म्हापसा

वस्तू बघून किंवा प्रयोगशाळेत तपासून कृती कळत असेल तर पेटंट, कळत नसेल तर गुपित. पेटंटचा मजकूर अर्जानंतर १८ महिन्यांनी सगळ्या जगाला वाचायला मिळतो आणि २० वर्षांनी हक्क संपतो. भट्टीतली हवा केव्हा कोंडायची, आच कशी उतरवायची, हे तयार कपावरून कुणी सांगू शकत नाही. ते छापायला देणं शहाणपणाचं नाही.

पण जपानी कायद्यात गुपिताला तीन अटी आहेत : ते गुपित म्हणून सांभाळलेलं हवं, धंद्याच्या उपयोगाचं हवं आणि बाहेर माहीत नसलेलं हवं. जुन्या कार्यशाळा पहिल्या अटीत नापास होतात. कृती उस्तादाच्या डोक्यात असते, किंवा सगळ्यांच्या हाताखालच्या वहीत. वहीवर ‘गोपनीय’ लिहिलेलं नाही, कुलूप नाही, कामगाराशी लेखी करार नाही. मग तो शेजारच्या भट्टीत गेला, तर तक्रार उभीच राहत नाही.

दुसरा धोका म्हणजे तीच कृती उद्या परक्याने पेटंट केली तर. त्याच्या अर्जाआधी तुमचं काम सुरू होतं असं दाखवता आलं, तर जपानमध्ये तुम्हाला ते चालू ठेवता येतं. त्यासाठी तिथल्या कार्यशाळा वजनमापं, भट्टीचा तक्ता आणि तारखा लिहिलेला कागद नोटरीकडे नेऊन त्यावर अधिकृत तारखेचा शिक्का मारून घेतात. एका शिक्क्याला ७०० येन. झिलईचा नमुना असेल तर तो डब्यात घालायचा, डब्याच्या जोडावर कागद चिकटवायचा आणि शिक्का अर्धा कागदावर, अर्धा डब्यावर पडेल असा घ्यायचा. पुढे तो डबा उघडायचा नाही. रोजच्या वापराला दुसरा नमुना वेगळा ठेवायचा.